निनावी रातांबे

आंब्याच्या दिवसांत मराठी माणूस फार चिकित्सक होतो. हापूस की पायरी, हापूस असेल तर देवगडचा की रत्नागिरीचा, अढीत पिकलेला की पावडर टाकून पिकवलेला, असे चार प्रश्न विचारून, एक फळ नाकाशी नेऊन, मगच तो पाकिटात हात घालतो. हाच माणूस तिथून दोन दुकाने पुढे जातो आणि ‘पाव किलो आमसुले द्या’ म्हणतो. दुकानदार त्या काळसर, चिकट, मिठाने कडेला पांढुरक्या झालेल्या साली तोलतो आणि पुडी बांधून देतो. कुठली, कुठल्या झाडाची, कुठल्या जातीची, हे गिऱ्हाईक विचारत नाही. आणि विचारलेच तर दुकानदाराला सांगता येणार नाही. आंब्याला शेकडो नावे आहेत. फणसात निदान कापा आणि बरका हा भेद शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. कोकम मात्र नुसते कोकम.

आता कोकणातल्या एखाद्या जुन्या घराच्या परसात जाऊन तिथल्या आजीला हाच प्रश्न विचारा. ती सांगेल, गोठ्यामागचा रातांबा आमसुलांना, त्याची साल जाड. विहिरीकडच्याला रस फार, तो आगळाला. पऱ्ह्यावरचा बारीक, त्यात बियाच बिया. तो पोरांनी खावा आणि बिया तेलाला ठेवाव्यात. बांधावरचा एक आहे, तो सगळ्यांच्या आधी पिकतो, पण त्याला आंबटपणा कमी. या झाडांना नावे नाहीत, पत्ते आहेत. घरातल्या बायकांना ते तोंडपाठ असतात, कारण मे महिन्यातला फोडण्या-पिळण्या-वाळवण्याचा सगळा खटाटोप त्यांच्याच अंगावर पडतो.

ही पत्ते असलेली निनावी झाडे आज सांभाळायची कुणी, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कोकम परसातून बागेत येऊ लागले आहे. कलमे मिळतात, सरबताच्या बाटल्या मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसतात, बियांना परदेशातून मागणी असते. याचे स्वागतच केले पाहिजे. पण याच काळात परसातले आणि रानातले रातांबे एकेक करून जात आहेत. घर वाढवायचे म्हणून, रस्ता रुंद करायचा म्हणून, चिऱ्याच्या खाणीसाठी, काजू आणि रबराच्या लागवडीसाठी. आंब्याची एखादी जात गेली तर निदान ‘अमका आंबा आता मिळत नाही’ अशी हळहळ कुणीतरी करतो. रातांब्याच्या बाबतीत काय गेले हेही आपल्याला कळणार नाही, कारण जे होते त्याला आपण नावच दिलेले नव्हते.

हे झाड तसे आपल्या घरचे. गार्सिनिया इंडिका हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याचे मूळ ठिकाण म्हणजे आपला सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याची किनारपट्टी. कोकण, गोवा, कारवारचा भाग आणि त्याखाली केरळचा उत्तर भाग, एवढाच त्याचा खरा मुलूख. रत्नागिरीकडे रातांबा किंवा कोकम, तळकोकणात आणि गोव्यात भिरंड, कारवारच्या पुढे कानडीत मुरुगलू. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आतून रक्तासारख्या लाल असणाऱ्या या आंबट फळाची नोंद आहे आणि त्याची साल व्हिनेगरसाठी साठवतात हेही लिहिले आहे. पोर्तुगीजांनी त्याला ‘ब्रिंदाँव’ म्हटले, ते आपल्या भिरंडावरूनच. सांगायचा मुद्दा असा की साडेचारशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाच्या नजरेत हे फळ भरले, आणि आपण अजूनही त्याला किराण्याच्या यादीत हळद-हिंगाच्या मध्ये कुठेतरी लिहितो.

कोकमाचे झाड एकदा नीट पाहिले की विसरत नाही. सरळ शेलाटा बुंधा, त्यावरून खाली झुकणाऱ्या फांद्या, लांबून पाहिले तर एखादी हिरवी गर्द रास उभी करून ठेवल्यासारखे. नवी पालवी तांबूस येते. पण दहा झाडे एका ओळीने पाहिली तर दहाही सारखी दिसत नाहीत. एक टोकदार आणि आटोपशीर, दुसरे घेरदार, तिसऱ्याच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. एकाचे पान लांबट आणि निमुळते, तर शेजारच्याचे रुंद. एकाची पालवी लालभडक, दुसऱ्याची नुसती पोपटी.

खरी गंमत फळात आहे. लहान सुपारीएवढ्यापासून चांगल्या मोठ्या लिंबापेक्षाही मोठ्यापर्यंत फळे असतात. काही चेंडूसारखी गोल, काही वरखाली दाबल्यासारखी चपटी, काहींना खाली चोचीसारखे टोक. रंग म्हणाल तर लाल, किरमिजी, जांभळट, पिकून जवळजवळ काळा, आणि क्वचित कुठे स्वच्छ पिवळा. कुणाची साल बोटभर जाड वाटावी अशी, कुणाची कागदी. कुणात तीन-चार बिया, कुणात आठ. एक फळ नुसते तोंडाला लावले तरी दात आंबतात, दुसरे मीठ न लावता खाता येते. काही झाडे एप्रिलच्या सुरुवातीलाच पिकायला लागतात, काही मे सरता सरता, आणि काही बिचारी अशी की मृगाचे ढग डोक्यावर आल्यावर त्यांना जाग येते. एकाच गावात, एकाच मातीत, एकाच पावसात हे सगळे घडते. म्हणजे हा फरक नुसता खतपाण्याचा नाही. तो झाडाच्या रक्तातच आहे.

असे का व्हावे? उत्तर झाडाच्या संसारात आहे. पपईत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते, हे आपल्याला माहीत असते. कोकमाचेही बहुतांशी तसेच. मादी झाडाला फळे येतात, नराला नुसती फुले. दोन्ही प्रकारची फुले एकाच झाडावर असणारी झाडेही अधूनमधून सापडतात, पण ती अपवादाने. आंब्याच्या मोहोरात नर-मादीची कामे एकाच झाडावर होऊ शकतात. कोकमात बी धरायचे तर बहुधा दोन वेगळी झाडे लागतात. म्हणजे प्रत्येक बी हे दोन निराळ्या घराण्यांचे मूल. भावंडे जशी एकसारखी नसतात तशीच एकाच फळातल्या सहा बियांपासून उगवलेली सहा रोपेही एकसारखी नसतात. ही सोंगटी प्रत्येक पिढीत नव्याने पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्या पडत आली आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण कोकमाच्याच कुळात आहे. बाजारात अलीकडे दिसणारे मँगोस्टीन हे कोकमाचे जवळचे नातलग. त्याच्या नर झाडाशी कुणाची गाठ पडल्याचे जवळजवळ ऐकिवात नाही. मादी झाड परागाशिवायच बी तयार करते आणि त्या बीपासून आईचीच नक्कल उगवते. त्यामुळे मँगोस्टीनची झाडे हजारो मैलांवर लावली तरी बरीचशी एकाच वळणाची निघतात. बागायतदाराला ही मोठी सोय. पण त्या कुळात निवडायला फारसे काही उरत नाही. निसर्गाने चुलत बहिणींपैकी एकीला सोय दिली आणि एकीला श्रीमंती.

या श्रीमंतीचा त्रासही आहे, आणि तो शेतकऱ्यालाच भोगावा लागतो. बी लावले तर ते रोप नर निघणार की मादी, हे नुसते पाहून कळायला मार्ग नाही. सात-आठ वर्षे पाणी घालावे, गुरांपासून राखावे, आणि मग फुले आल्यावर कळते. साधारण निम्मी झाडे नर निघतात. ज्याने दहा रोपे लावली त्याच्या नशिबी पाच फळझाडे, आणि त्या पाचांत फळ कसले येईल याची शाश्वती नाही. म्हणून कोकणात कोकमाची बाग अशी पूर्वी फारशी कुणी लावलीच नाही. परसातले रातांबे म्हणजे बहुतेक आपोआप उगवलेले. कुणी खाऊन टाकलेली बी, माकडाने टाकलेली बी, कोकम फोडताना उकिरड्यावर गेलेली बी. रोप उगवले, आड आले नाही, राहिले. पुढे फळ चांगले निघाले तर त्याच्याभोवती गडगा घातला. फळच आले नाही तर पावसाळ्यापूर्वी सरपणाला तोडले.

रानातला रातांबा आणि घरचा रातांबा यांत मोठी भिंत नाही ती यामुळे. रानातला परसात येतो, परसातल्याचे बी पुन्हा रानात जाते. तरीही घरोघरीच्या या राखण्या-तोडण्यातून एक सावकाश निवड होत आली. वस्तीजवळच्या झाडांत मोठ्या फळाची, जाड सालीची झाडे जास्त टिकली असणार, आणि नर कमी झाले असणार. या निवडीला कुणी शास्त्र म्हटले नाही. पण ‘हे ठेव, ते तोड’ हा निर्णय घेणारी जी आजी वर आली, ती एका अर्थाने वनस्पतिसुधारकच होती. फरक इतकाच की ती शेजारणीचे झाड वेगळे असू देत होती. प्रत्येक घराची आवड निराळी, म्हणून प्रत्येक घराचे झाड निराळे. गावात वीस घरे असतील तर वीस प्रकारची निवड चालू होती.

मग कलम आले. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले, आणि आंबा-काजूच्या बरोबरीने कोकमाकडे लक्ष देण्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. गावोगावच्या झाडांतून निवड करून विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात दिली. तिचे फळ मध्यम, साधारण पस्तीस ग्रॅमचे, पण साल जाड आणि मुख्य म्हणजे पीक पावसाच्या आधी हाती येते. पुढे ‘कोकण हातिस’ आली, तिचे फळ नव्वद ग्रॅमच्या आसपास जाते. रत्नागिरीजवळच्या हातिस गावाचे नाव तिला आहे. म्हणजे एका झाडाला तरी आपला पत्ता नावात मिळाला. मृदुकाष्ठ कलमाने नर-मादीची अनिश्चितता संपली आणि सात-आठ वर्षांची वाट चार-पाचांवर आली. या कलमांतही कोकमाचा खोडकरपणा आहेच. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड सरळ वाढते, आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड जन्मभर आडवे पसरत राहते. सरळ शेंडे झाडावर मोजकेच असतात. रोपवाटिकेतून कलम आणताना हे विचारून घ्यावे.

पीक लवकर येणे ही गोष्ट शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. कोकणात तसे नाही. आमसूल करायचे म्हणजे फळ फोडून साल वेगळी करायची, आतला रस मिठात धरायचा, साल त्या रसात बुचकळून उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा बुचकळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. असे पाच-सहा दिवस कडक ऊन लागते. रातांब्याचा भर असतो तो नेमका मेच्या उत्तरार्धात. आभाळ आले की साली बुरसतात, झाडावरची फळे सडून गळतात. दरवर्षी कोकमाचा मोठा हिस्सा असा मातीत जातो. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यावर आले, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले. २०२५ साली तर मॉन्सूनच २५ मे रोजी तळकोकणात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. ज्यांची झाडे एप्रिलमध्ये पिकली त्यांच्या बरण्या भरल्या. उशिराच्या झाडांखाली लाल चिखल झाला. अशा वेळी लवकर पिकणाऱ्या कलमाचे मोल वादातीत आहे.

पण हे लवकर पिकणे विद्यापीठाने कुठल्या परीक्षानळीत तयार केले नाही. ते कोकणात कुठेतरी एका झाडात होते. कुणाच्या तरी बांधावर, कुणीतरी न तोडलेल्या झाडात. अभ्यासक तिथे पोहोचेपर्यंत ते उभे राहिले म्हणून ‘अमृता’ झाली. ते आधीच्या वर्षी सरपणात गेले असते तर काय गेले हे कुणाला कळलेही नसते. उद्या मेचा पाऊस नेहमीचाच झाला आणि मार्चअखेर पिकणारे झाड हवे झाले, तर ते शोधायचे कुठे? कलमांच्या बागेत ते असणार नाही. बागेतली सगळी झाडे एकाच आईच्या फांद्या आहेत. एकीला जे ठाऊक नाही ते दुसरीलाही ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट. बाजार फळाकडे पाहतो तो आकाराने, आणि मोठे फळ म्हणजे चांगले फळ अशी आपली एक भाबडी समजूत असते. कोकमाच्या बाबतीत ती फसवी आहे, कारण कोकमाचे फळ कुणी फळ म्हणून विकत घेतच नाही. घेतात ते आमसूल, आगळ, सरबत आणि तेल, आणि या चारींच्या गरजा निराळ्या. आमसुलाला जाड, गराची साल हवी. आगळाला रस हवा. सरबताला रंग हवा आणि वाटीसारखी साल हवी, म्हणजे अर्ध्या फळात साखर भरून बरणीत रचता येते. तेलाला मात्र साल-रस काही नको, बिया हव्यात. वाळलेल्या बीत साधारण पाव हिस्सा तेल असते. बिया कुटून पाण्यात उकळल्या की ते वर येते. निवताना मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून काही ठिकाणी त्याला मुठेल म्हणतात. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेला जेमतेम मऊ होते. भेगाळलेल्या टाचांवर त्याच्याइतके दुसरे काही चिकटून राहत नाही ते याचमुळे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमाप्रमाणे चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज ज्या सहा वनस्पतींची चरबी शेकडा पाचपर्यंत वापरता येते, त्यांत आपले कोकम आहे. आता तेलासाठी झाड निवडायचे तर पऱ्ह्यावरचा तो बियाळ, बारीक, कुणी न विचारलेला रातांबाच कदाचित पहिला येईल.

मागणीचा काय भरवसा? १९६५ साली म्हैसूरच्या संशोधकांनी कोकमाच्या दुसऱ्या एका नातलगाच्या, म्हणजे मलबारी चिंचेच्या, सालीतले विशिष्ट आम्ल ओळखले. तीस वर्षांनी त्याच आम्लाच्या गोळ्या ‘वजन घटवा’ म्हणून अमेरिकेत खपू लागल्या. १९९८ साली तिथल्याच एका चाचणीत त्या गोळ्यांचा आणि नुसत्या पिठाच्या गोळ्यांचा परिणाम सारखाच निघाला, तरी खप काही थांबला नाही. गोळ्यांचे सोडून द्या. पण उद्या कुणी जास्तीत जास्त आम्लाचे झाड मागितले, परवा कुणी अन्नातल्या नैसर्गिक रंगासाठी गडद सालीचे मागितले, तर आपल्याकडे दाखवायला काय असेल?

नर झाडांचे तर कुणी नावही काढत नाही. कलमांच्या बागेतही फळ नीट धरावे म्हणून दहा मादी झाडांमागे एखादा नर ठेवायला सांगतात. कुठला नर? कुठलाही. फळाची साल ही आईची, त्यामुळे आजच्या पिकापुरते बापाने काही बिघडत नाही हे खरे. पण बी दोघांचे असते. रानात आणि परसात पुढची पिढी उगवणार ती त्या बियांतून. एखाद्या नराच्या रक्तात लवकर पिकणे असेल, जाड साल असेल. त्याला स्वतःला फळ येत नाही म्हणून ते कुणाला दिसणार नाही. त्याच्या मुली फळाला आल्यावरच त्याची परीक्षा होणार, आणि तोवर त्याचे सरपण झालेले असते. गावाभोवतीचे नर जसजसे कमी होतात तसतसे पुढच्या सगळ्या रोपांचे बाप दोन-चारच उरतात. वरवर झाडे तेवढीच दिसतात, आतून कुळ आखडत जाते.

हापूसचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात कलमाची कला रुजवली आणि एका उत्तम आंब्याच्या फांद्या किनारपट्टीभर पसरल्या. त्याने कोकणाला पैसा दिला, नाव दिले. त्याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर त्याची दुखणीही पसरली. फळ बाहेरून देखणे आणि आत पांढरट, भुसभुशीत साका, ही हापूसवाल्यांची जुनी डोकेदुखी. तिच्यावर उतारा शोधताना वेंगुर्ल्याच्या संशोधकांना हापूसबाहेर जावे लागले. दक्षिणेतल्या नीलम आंब्याशी संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ तयार झाला, त्यात साका नाही. नीलम होता म्हणून बरे. कोकमात असा ‘नीलम’ कुठल्या परसात उभा आहे, आपल्याला माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल, सरकारने बियांची पेढी करावी, थंड कपाटात बिया ठेवाव्यात. गहू-तांदळाचे तसे करता येते. कोकमाचे बी मात्र नाजूक. चांगले वाळले की त्याची रुजण्याची शक्ती जाते, आणि न वाळवता ते ठेवता येत नाही. तेव्हा कोकमाची पेढी म्हणजे जिवंत झाड. दापोलीत आणि जुन्या गोव्यातल्या केंद्रीय कृषी संशोधन संस्थेत निवडक झाडांचे संग्रह आहेत, पण कुठल्याही संस्थेच्या आवारात झाडे मावून मावून किती मावणार? बाकीचा संग्रह अजून लोकांच्या परसात आणि देवराईतच आहे.

आणि परसाचा मालक हा काही संग्रहालयाचा रखवालदार नव्हे. मुलगा मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे, कोकम काढायला मजूर मिळत नाही, आणि व्यापारी सगळ्या झाडांचे रातांबे एकाच ढिगात ओतून एकाच भावाने नेतो. अशा माणसाला ‘जैवविविधता जपा’ असे ऐकवणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्याने झाड ठेवावे असे वाटत असेल तर झाडाच्या गुणाला दाम मिळाला पाहिजे. जाड सालीचा ढीग वेगळा, रसाळ फळाचा वेगळा, बियांचा वेगळा, हे सरबताच्या कारखानदारांना अवघड नाही. काजूत आकारावरून प्रतवारी होतेच. महिला बचत गटांची आमसुले आज मुंबईच्या प्रदर्शनांतून विकली जातात. त्या पाकिटावर गावाचे नाव असते. वाडीचे आणि झाडाचेही का असू नये? हापूसच्या पेटीला जी फुशारकी शोभते ती आमसुलाच्या पुडीलाही शोभेल.

कायदाही हाताशी आहे, फक्त वापरात नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंद स्वतःच्या नावाने करण्याचा हक्क दिला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाने आपली लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. बऱ्याच नोंदवह्यांत ‘कोकम – आहे’ एवढी एक ओळ लिहून काम उरकले जाते. त्या जागी पंधरा-वीस ओळी हव्यात: अमक्याच्या विहिरीजवळचे, चपट्या फळाचे, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पिकणारे, तमक्याच्या बांधावरचे, नर, भरपूर फुलणारे. यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. गावच्या शाळेतली सातवी-आठवीची मुले आणि माहितगार आजी एवढे मनुष्यबळ पुरे आहे, आणि एक मे महिना.

तालुक्याच्या रोपवाटिकांनीही दोन नावांवर थांबू नये. अमृता-हातिस जरूर विकावीत. पण ज्याला घर वाढवण्यासाठी परसातले झाड तोडायचेच आहे, त्याला तोडण्यापूर्वी त्याच्या झाडाच्या काड्या आणून चार कलमे बांधून द्यावीत. खर्च किती येईल? झाड पाडायला आलेल्या माणसाच्या एका दिवसाच्या मजुरीहून फार जास्त नाही. सुट्टीत गावी जाणाऱ्या चाकरमान्यांनाही एक काम सांगता येईल. घरी आगळाची बाटली बांधून देतात तेव्हा ती कुठल्या झाडाची, एवढे विचारून बाटलीवर चिठ्ठी लावावी. दोन वर्षे दोन झाडांची सोलकढी पिऊन पाहिली की फरक जिभेला कळतो, आणि जिभेला कळलेला फरक माणूस सहसा तोडू देत नाही.

पिवळ्या रातांब्याचे सांगायचे राहिले. उत्तर कन्नड जिल्ह्यात अशा फिक्या फळाला ‘बिळी मुरुगलू’, म्हणजे पांढरे कोकम, असे स्वतंत्र नाव आहे, आणि नाव असल्यामुळे ते मागून घेतले जाते, त्याचे रोपही लोक विचारतात. आपल्याकडे असे झाड निघाले तर त्याचे आमसूल काळे दिसत नाही म्हणून व्यापारी घेत नाही, आणि लाल सरबतात त्याचा रंग मिसळत नाही म्हणून घरातही ते मागे पडते. फळे झाडाखाली पडून राहतात. माकडे तेवढी येऊन खातात, आणि बिया पुन्हा रानात नेऊन टाकतात.